कोष्टक, नोंदवही आणि काळाची दिशा

अलिबाग-नागावच्या किनाऱ्यावर जुन्या माणसांना भरतीची वेळ विचारली, तर ती घड्याळाआधी तिथी विचारतात. हिशेब सोपा आहे. तिथीची पाऊणपट करायची, तितक्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, पौर्णिमेला आणि अमावास्येला सव्वाअकराच्या सुमारास. समुद्र दिवसातून दोनदा भरतो, म्हणून हाच हिशेब दिवसाला लागू आणि रात्रीलाही. अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात पायी जायचे असेल, तर भरतीनंतर सुमारे सहा तासांनी येणारी ओहोटी गाठायची. घड्याळ आणि छापील तक्ते किनाऱ्यावर पोचायच्या आधीपासून गलबते आणि होड्या असल्याच हिशेबावर चालत आल्या.

या हिशेबाचा एक गुण चटकन लक्षात येत नाही. तो जसा पुढे चालतो, तसाच मागेही चालतो. पुढच्या वर्षीच्या एखाद्या चतुर्थीची भरती आज सांगता येते, आणि कान्होजी आंग्र्यांच्या आरमाराने पाहिलेल्या चतुर्थीची भरतीही सांगता येते. हिशेबाला भूतकाळ आणि भविष्यकाळ यांत फरक दिसत नाही. चंद्र फिरतो, तिथ्या फिरतात, पाणी चढते आणि उतरते. काळ म्हणजे एक चाक आहे, असे आपल्या पूर्वजांना वाटले असेल तर त्यात नवल नाही.

पण त्याच पाण्यात उभ्या असलेल्या किल्ल्याकडे पाहावे. शिवकालाच्या अखेरीस बांधायला घेतलेल्या आणि संभाजीमहाराजांच्या काळात पुऱ्या झालेल्या या किल्ल्याच्या तटात मोठमोठे दगड चुन्याशिवाय एकमेकांवर रचलेले आहेत. लाटेचे पाणी फटींतून आत शिरते आणि लाटेचा जोर तिथे मोडतो. तीनशेहून अधिक वर्षे ही युक्ती टिकली. तरीही दगड झिजतो. खाऱ्या हवेने त्याला खळगे पडतात, कडा गोल होतात. झिजलेला दगड एखाद्या भरतीला पुन्हा धारदार होऊन उभा राहिल्याचे कोणी पाहिलेले नाही.

म्हणजे एकाच ठिकाणी आपल्याला दोन काळ दिसतात. एक परत येणारा आणि एक परत न येणारा. यांतला खरा कोणता? हा प्रश्न विज्ञानाने गेली दीडशे वर्षे चघळला आहे, कथा-कादंबऱ्यांनीही चघळला आहे. आणि त्याच्या इतिहासात आपल्या रायगडच्या किनाऱ्यालाही जागा आहे.

नागावचा मुलगा

अलिबागजवळच्या नागाव गावी जन्मलेला एक हुशार मुलगा १८४० च्या सुमारास मुंबईच्या कुलाब्यातल्या वेधशाळेत कामाला लागला. त्याचे नाव केरो लक्ष्मण छत्रे. महाराष्ट्र त्यांना केरूनाना म्हणून ओळखतो. पुढे ते पुण्यात गणिताचे प्राध्यापक झाले. लोकमान्य टिळक त्यांचे विद्यार्थी.

इथे नावाचा थोडा घोटाळा होण्याचा संभव आहे. मुंबईचा कुलाबा वेगळा आणि अलिबागच्या समुद्रातला कुलाबा किल्ला वेगळा. या किल्ल्यावरूनच आपल्या जिल्ह्याला कुलाबा जिल्हा म्हणत. १९८१ मध्ये त्याचे रायगड झाले. छत्रे गेले ते मुंबईच्या कुलाब्याला. तिथली वेधशाळा ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ मध्ये स्थापन केली होती. मुंबई बंदरात येणाऱ्या जहाजांना अचूक वेळ कळणे फार गरजेचे होते, कारण वेळ चुकली की समुद्रात आपण कुठे आहोत याचा हिशेब चुकतो. १८४० नंतर तिथे प्राध्यापक आर्थर ऑर्लेबार यांच्या देखरेखीखाली हवामानाच्या आणि पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नियमित नोंदी सुरू झाल्या. 'दर्पण'कार बाळशास्त्री जांभेकरांचाही या वेधशाळेशी संबंध आला होता. छत्रे यांनी इथे दहाएक वर्षे काढली.

त्यांच्या आयुष्यात दोन प्रकारचे कागद आले, आणि आजच्या विषयाचे मर्म या दोन कागदांत आहे.

पहिला कागद कोष्टकाचा. छत्रे यांचे 'ग्रहसाधनांची कोष्टके' हे पुस्तक १८६० मध्ये प्रसिद्ध झाले. जुन्या पंचांगांतली ग्रहांची स्थाने आणि आकाशात प्रत्यक्ष दिसणारी स्थाने यांत अंतर पडले होते. युरोपात तयार झालेल्या नव्या ग्रहगणिताच्या आधारे ते अंतर दूर करण्याचा हा प्रयत्न होता. अशा कोष्टकावरून पुढच्या ग्रहणाची वेळ काढता येते आणि होऊन गेलेल्या ग्रहणाचीही. तारीख मागची घाला किंवा पुढची घाला, आकडेमोड तीच राहते.

दुसरा कागद वेधशाळेतल्या नोंदवहीचा. ठरलेल्या वेळी उपकरणापाशी जायचे, चुंबकाची सुई कुठे आहे ते पाहायचे, आकडा लिहायचा, आणि पुढच्या वेळेची वाट पाहायची. या वहीत उद्याचा आकडा आज लिहिता येत नाही. कालचा राहून गेलेला आकडा आज भरता येत नाही. कोष्टक दोन्हीकडे चालते, नोंदवही एकाच दिशेने भरत जाते.

नियमाला दिशा नाही, जगाला आहे

न्यूटनच्या गतिनियमांचे स्वरूप कोष्टकासारखे आहे. सूर्याभोवती फिरणाऱ्या ग्रहांचा चित्रपट काढला आणि उलटा दाखवला, तर पडद्यावर दिसणारी प्रत्येक हालचाल न्यूटनच्या नियमांना मान्य असते. ग्रह उलट्या बाजूने फिरताना दिसतील एवढेच. आता मासळीबाजारातल्या पाटीचा चित्रपट उलटा दाखवा. खालचे पाणी वर चढून त्याचा बर्फ झाला, हे पाहून लहान मूलही हसेल. पाण्याचा कण न् कण न्यूटनचेच नियम पाळतो. मग नियमांत नसलेली दिशा बर्फात कुठून आली?

याचे उत्तर शोधण्याची सुरुवात वाफेच्या यंत्रापासून झाली. फ्रान्सचा तरुण अभियंता सादी कार्नो याने १८२४ मध्ये दाखवले, की यंत्राला काम करण्यासाठी नुसती उष्णता पुरत नाही. उष्णता गरम वस्तूकडून थंड वस्तूकडे जावी लागते. जर्मनीच्या रुडॉल्फ क्लॉझियसने पुढे हा विचार नेमका केला. उष्णता आपण होऊन गरमाकडून थंडाकडे जाते, उलट जात नाही. या घटनेचे माप म्हणून त्याने १८६५ मध्ये 'एन्ट्रॉपी' हा शब्द घडवला. बाहेरून काही न घेणाऱ्या-देणाऱ्या व्यवस्थेत एन्ट्रॉपी वाढते किंवा तेवढीच राहते. कमी होत नाही. विज्ञानाच्या मोठ्या नियमांत 'आधी' आणि 'नंतर' हा भेद करणारा हा नियम.

असे का घडते, हे सांगितले व्हिएन्नाच्या लुडविग बोल्ट्झमनने, १८७७ मध्ये. त्याची कल्पना शिंपल्यांनी समजून घेता येईल. शंभर शिंपले घ्या आणि वाळूवर फेका. प्रत्येक शिंपला उताणा किंवा पालथा पडेल. सगळेच्या सगळे उताणे पडण्याची रीत एकच. निम्मे उताणे आणि निम्मे पालथे पडण्याच्या रीती मोजायला गेलो, तर ती संख्या एकावर अठ्ठावीस शून्ये ठेवून होणाऱ्या संख्येपेक्षाही मोठी भरते. सगळे उताणे पडायला कोणत्याही नियमाची बंदी नाही. पण तसे घडलेले पाहायला विश्वाचे आजवरचे आयुष्यही पुरायचे नाही. बर्फाच्या तुकड्यात कण शंभर नसतात, ते मोजताना आकडा लिहायला ओळ पुरत नाही. म्हणून बर्फ वितळतो. वितळण्याच्या रीती फार, बर्फ होऊन राहण्याच्या थोड्या. एन्ट्रॉपी म्हणजे या रीतींची मोजदाद. ते सूत्र व्हिएन्नामध्ये बोल्ट्झमनच्या समाधीवर कोरलेले आहे.

त्याच्या हयातीत मात्र या विचाराला कडाडून विरोध झाला. त्याचाच सहकारी योहान लोश्मिटने १८७६ मध्ये विचारले होते, की कणांचे नियम दोन्ही दिशांना सारखे असतील तर त्यांतून एका दिशेचा नियम निघेल कसा? शंका अगदी रास्त होती. आज तिचे उत्तर असे देतात: रीतींची मोजदाद पुढे केली तरी एन्ट्रॉपी वाढलेली दिसते आणि मागे केली तरी वाढलेलीच दिसायला हवी. प्रत्यक्षात मागे ती कमी होती, याचे कारण नियमांत नाही, आरंभात आहे. विश्वाचा आरंभच अत्यंत कमी एन्ट्रॉपीच्या स्थितीतून झाला. तो तसा का झाला, हे कोडे अजून सुटलेले नाही. 'काळाचा बाण' हा आज सर्वांच्या तोंडी असलेला शब्दप्रयोग इंग्रज खगोलशास्त्रज्ञ आर्थर एडिंग्टनने १९२७ च्या व्याख्यानांत रूढ केला.

भरतीही तीच नसते

आता पुन्हा भरतीच्या हिशेबाकडे वळू. तो चाकासारखा आहे असे आपण म्हटले. पण हे चाकही झिजते.

चंद्र समुद्राला ओढतो आणि त्या फुगलेल्या पाण्याखालून पृथ्वी फिरत राहते. उथळ समुद्रात, खाड्यांच्या तोंडाशी, खडकांवर पाणी घासले जाते. आपल्या किनाऱ्यावर उधाणाच्या दिवशी पाण्याची पातळी चार-पाच मीटरने खालीवर होते. या घर्षणातून थोडी उष्णता निर्माण होते आणि ती विरून जाते. तिची किंमत मोजते पृथ्वीची गिरकी. दिवस शंभर वर्षांत साधारण दोन मिलिसेकंदांनी लांबतो, आणि चंद्र दरवर्षी ३.८ सेंटिमीटर दूर सरकतो. १९६९ पासून अंतराळवीरांनी चंद्रावर ठेवलेल्या आरशांवर लेसरचे किरण पाठवून हे अंतर मोजलेले आहे.

दोन मिलिसेकंद म्हणजे काहीच नाही, असे वाटेल. पण दिवसामागून दिवस साठत गेले की फरक मोठा होतो. इ.स.पूर्व १३६ मध्ये बाबिलोनमध्ये खग्रास सूर्यग्रहण दिसल्याची नोंद मातीच्या विटांवर आहे. पृथ्वीचा वेग कायम धरून गणित मागे नेले, तर ते ग्रहण बाबिलोनमध्ये दिसायलाच नको. त्याची छाया पुष्कळ पश्चिमेला पडते. वेळेच्या भाषेत चूक तीन तासांहून अधिक आहे. इथे कोष्टक हरले आणि नोंदवही जिंकली. बाबिलोनच्या त्या लेखनिकाने आकाशात जे पाहिले ते लिहिले, म्हणून दोन हजार वर्षांनी पृथ्वी मंदावल्याचा पुरावा हाती आला.

त्याहून जुनी नोंदवही प्रवाळांची. अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठाचे जॉन वेल्स यांनी १९६३ मध्ये जीवाश्म झालेल्या प्रवाळांवरच्या बारीक रेषा मोजल्या. प्रवाळ रोज एक बारीक थर वाढवतो आणि वर्षाचा एक ठळक पट्टा दिसतो. सुमारे अडतीस-एकोणचाळीस कोटी वर्षांपूर्वीच्या प्रवाळात एका वर्षाच्या पट्ट्यात त्यांना जवळपास चारशे रेषा मिळाल्या. वर्ष तेवढेच होते, दिवस लहान होते. म्हणून वर्षात चारशे दिवस मावत होते.

दोन लेखक, एक किनारा आणि एक कागद

आडनावाचा योगायोग असा, की या भरतीच्या घर्षणाचा शेवट आधीच एका दुसऱ्या वेल्सने कथेत लिहून ठेवला होता. एच. जी. वेल्सची 'द टाइम मशीन' ही कादंबरी १८९५ ची. तिच्यातला कालप्रवासी अखेरीस तीन कोटी वर्षांहूनही पुढच्या काळात जातो आणि एका समुद्रकिनाऱ्यावर उतरतो. भरतीच्या ओढीने पृथ्वीचे फिरणे थांबलेले आहे. तिची एकच बाजू कायम सूर्यासमोर आहे. सूर्य लालभडक, मोठा आणि विझत आलेला आहे. समुद्र जवळजवळ निश्चल आहे.

हे भय वेल्सच्या पदरचे नव्हते. लॉर्ड केल्विनने १८५२ पासून जगातली कामाला येणारी ऊर्जा विरत चालल्याचे सांगितले होते, सूर्याचे आयुष्य काही कोटी वर्षांत मोजले होते. चार्ल्स डार्विनचे चिरंजीव जॉर्ज डार्विन यांनी भरतीच्या घर्षणाचे गणित मांडले होते. वेल्सने या दोघांचे गणित एका किनाऱ्यावर आणून ठेवले. पुढे आकडे चुकीचे ठरले. कादंबरीच्या दुसऱ्याच वर्षी, १८९६ मध्ये, किरणोत्सर्गाचा शोध लागला, आणि नंतर सूर्याचे इंधन अणुकेंद्रांच्या मीलनातून येते हे कळले. सूर्याला अजून सुमारे पाचशे कोटी वर्षे आहेत. आकडे बदलले, पण बाणाची दिशा बदलली नाही.

आपल्या मराठीत या विषयाला हात घातला तो डॉ. जयंत नारळीकरांनी, आणि तोही दोन्ही बाजूंनी, विज्ञानाच्या आणि कथेच्या. प्रवाळांच्या रेषा प्रसिद्ध झाल्या त्याच वर्षी, १९६३ मध्ये, त्याच कॉर्नेल विद्यापीठात थॉमस गोल्ड यांनी काळाच्या स्वरूपावर एक छोटी परिषद भरवली. केंब्रिजचा पंचविशीतला नारळीकर तिच्यात फ्रेड हॉइल यांच्यासोबत होता. त्या चर्चेचे पुस्तक १९६७ मध्ये निघाले. त्यात एका वक्त्याचे नाव 'मिस्टर एक्स' असे छापले आहे. हे मिस्टर एक्स म्हणजे रिचर्ड फाइनमन. आपले बोलणे आपल्या नावाने छापू नये, असा त्यांचा आग्रह होता.

नारळीकरांचा मुद्दा थोडक्यात असा. तळ्यात खडा टाकला की वर्तुळे बाहेर पसरतात. काठावरून वर्तुळे आत येऊन एका बिंदूत मिटल्याचे आपण पाहत नाही. प्रकाशाचेही तसेच. पण प्रकाशाची समीकरणे दोन्ही प्रकार मान्य करतात. मग निसर्ग एकच प्रकार का निवडतो? १९४५ मध्ये व्हीलर आणि फाइनमन यांनी सुचवले, की याचे उत्तर एकट्या दिव्यात नाही. त्या दिव्याचा प्रकाश शोषणाऱ्या साऱ्या विश्वाचा त्यात वाटा आहे. होगार्थ यांनी आणि पाठोपाठ हॉइल-नारळीकर यांनी हा विचार प्रसरणशील विश्वाला लावला. विश्व कसे प्रसरण पावते यावर प्रकाशाची दिशा ठरते, असे त्यातून निघाले. त्यांच्या गणिताप्रमाणे स्थिर-स्थिती विश्वात आपल्याला दिसते ती दिशा मिळत होती, महास्फोटाच्या नेहमीच्या प्रतिमानांत मिळत नव्हती. १९६५ मध्ये विश्वातले सूक्ष्मलहरींचे प्रारण सापडले आणि बहुतेक शास्त्रज्ञ महास्फोटाकडे वळले. नारळीकर मात्र आपले प्रश्न विचारत राहिले. ते २० मे २०२५ रोजी पुण्यात निवर्तले. त्यांचा पक्ष मान्य झाला नाही. तरी घरातल्या दिव्याची दिशा साऱ्या विश्वाशी जोडलेली असेल का, हा प्रश्न कुणी वेडगळ ठरवलेला नाही.

कथालेखक नारळीकर तर घरोघरी पोचले. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत 'कृष्णविवर' या कथेला पहिले बक्षीस मिळाले. लेखकाचे नाव होते नारायण विनायक जगताप. जयंत विष्णू नारळीकरांची आद्याक्षरे उलटी केलेला तो माणूस होता. पण आजच्या विषयाला अधिक जवळची कथा म्हणजे 'गंगाधरपंतांचे पानिपत'. इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत एका अशा जगात जाऊन पोचतात, जिथे १७६१ च्या पानिपतावर विश्वासरावांना गोळी लागलेली नाही आणि लढाई मराठ्यांनी जिंकली आहे. परतल्यावर त्यांच्यावर विश्वास कोण ठेवणार? त्यांच्यापाशी एकच पुरावा असतो: त्या दुसऱ्या जगातल्या बखरीचे एक फाटके पान.

नारळीकरांनी कथेत पुंजभौतिकीचा आधार घेतला आहे. पण वाचकाला पटते ते त्या पानामुळे. एक काळ खरोखर घडला असे म्हणायला काहीतरी ठसा लागतो. कल्पित काळालाही त्यातून सुटका नाही.

ठशाची किंमत

ठसा उमटतो कसा? या प्रश्नापाशी एन्ट्रॉपी आणि इतिहास यांची गाठ पडते.

आपल्या किनाऱ्यावरचा काळा दगड घ्या. दख्खनचा हा लाव्हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी बाहेर पडला. तो तापलेला होता तोवर त्यातल्या लोहखनिजाच्या कणांना दिशा नव्हती. दगड निवत गेला, तापमान मॅग्नेटाइटच्या बाबतीत ५८० अंश सेल्सिअसच्या खाली आले, आणि त्या वेळी पृथ्वीच्या चुंबकत्वाची जी दिशा होती ती त्या कणांत गोठून बसली. दगडाने आपली उष्णता हवेला आणि पाण्याला देऊन टाकली आणि त्या बदल्यात एक आठवण ठेवून घेतली. १९५० च्या दशकात लंडनच्या आणि मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी ही आठवण वाचली. बरेचसे थर आजच्या उलट चुंबकत्वाचे निघाले. शिवाय त्यावरून हेही दिसले, की लाव्हा वाहिला तेव्हा ही भूमी विषुववृत्ताच्या बऱ्याच दक्षिणेला होती. खंड सरकतात या मताला आपल्या दगडाने साक्ष दिली.

शाई कागदात शिरते, छायाचित्राचा कागद काळा पडतो, वाळूत पाऊल रुतते. प्रत्येक ठशामागे काही ना काही विरून गेलेले असते. म्हणून ठसे भूतकाळाचे असतात, भविष्यकाळाचे नसतात. उष्णता कुठेच वाहत नसती, तर झीज झाली नसती हे खरे. पण स्मरणही राहिले नसते. तट झिजवणारा नियम आणि इतिहास लिहू देणारा नियम एकच आहे. इतकेच काय, पुसण्यालाही किंमत आहे. साठवलेली माहिती पुसताना थोडी तरी उष्णता बाहेर टाकावीच लागते, हे रॉल्फ लँडॉअर यांनी १९६१ मध्ये दाखवले आणि २०१२ मध्ये प्रयोगाने ते पडताळले गेले.

आता कुलाब्याच्या नोंदवहीचे पुढे काय झाले ते पाहू. १ आणि २ सप्टेंबर १८५९ रोजी सूर्यावरून आलेल्या एका प्रचंड उद्रेकाने पृथ्वीचे चुंबकत्व हादरले. अनेक ठिकाणची उपकरणे मापाबाहेर गेली. कुलाब्यात माणसे उपकरणापाशी थांबून डोळ्यांनी पाहत होती आणि आकडे लिहीत होती. वादळाच्या भरात त्यांनी नेहमीपेक्षा लवकर लवकर वाचने घेतली. लिहिणाऱ्यांना त्या आकड्यांचा अर्थ माहीत असण्याचा संभव नव्हता. १४४ वर्षांनी, २००३ मध्ये, भारतीय भूचुंबकत्व संस्थेचे लखिना आणि अ‍ॅलेक्स यांनी परदेशी सहकाऱ्यांसह तीच पाने अभ्यासली. क्षेत्र सुमारे १६०० नॅनोटेस्लांनी खाली आले होते. नोंद झालेल्या चुंबकीय वादळांत इतके तीव्र दुसरे नाही, असा निष्कर्ष निघाला. हा निष्कर्ष पोथीतला राहत नाही. १३ मार्च १९८९ च्या, यापेक्षा पुष्कळ सौम्य वादळाने कॅनडातल्या क्वेबेक प्रांतात सुमारे साठ लाख लोक नऊ तास अंधारात राहिले होते. वीज आणि उपग्रहांवर चालणाऱ्या आजच्या जगाने कशाची तयारी ठेवायची, याचा अंदाज घेताना कुलाब्याचे ते आकडे समोर ठेवावे लागतात.

विसाव्या शतकाच्या आरंभी ही वही बंद पडायची वेळ आली होती. मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येणार असे ठरले. त्यांच्या प्रवाहाने चुंबकाच्या नाजूक सुया बिघडल्या असत्या. वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक नानाभाई मूस यांनी नोंद वाचवण्यासाठी दुसरी जागा निवडली ती अलिबागची, समुद्रापलीकडची, गजबजाटापासून दूर. १९०४ मध्ये तिथे लोखंड टाळून बांधलेल्या इमारतीत उपकरणे सुरू झाली. लगेच कुलाबा बंद केला असता तर जुन्या आणि नव्या आकड्यांचा सांधा जुळला नसता. म्हणून दोन वर्षे दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेतल्या, फरक ताडून पाहिला, आणि मगच १९०६ मध्ये कुलाब्याची चुंबकीय नोंद थांबवली. एकच वही दोन हातांनी दोन वर्षे लिहिली गेली, म्हणून ती आजपर्यंत सलग आहे. ज्या नागावातून छत्रे मुंबईला गेले होते, त्या नागावच्या शेजारीच ती परत आली.

त्याच १९०६ साली सरकारने देशभरासाठी प्रमाणवेळ लागू केली. मुंबईला ती रुचली नाही. ३९ मिनिटे मागे चालणारा 'मुंबई टाइम' शहरात १९५५ पर्यंत टिकून होता. घड्याळाचे काटे हुकमाने पुढे करता येतात, हट्टाने मागेही ठेवता येतात. नोंदवहीला यांतले काहीच चालत नाही.

आज अलिबागची वेधशाळा भारतीय भूचुंबकत्व संस्थेकडे आहे आणि त्या संस्थेचे मुख्यालय रायगड जिल्ह्यातच, नवीन पनवेलला आहे. सुयांची जागा इलेक्ट्रॉनिक उपकरणांनी घेतली. पण जुना कागद पिवळा पडतो, शाई उडते, कसर लागते, आणि नव्या संगणकाला जुन्या संगणकाची भाषा कळेनाशी होते. एन्ट्रॉपी वहीलाही सोडत नाही. ती रोखायची तर कोणीतरी पैसा, श्रम आणि वेळ खर्च केला पाहिजे, आणि तो एकदा करून भागत नाही. हेच आपल्या मोडी दफ्तरांना लागू आहे, किल्ल्यांच्या तटांना लागू आहे, आणि तिथीच्या पाऊणपटीचा हिशेब ठाऊक असलेल्या म्हाताऱ्या माणसांच्या आठवणींनाही लागू आहे. भौतिकशास्त्राच्या दृष्टीने या सगळ्यांची विस्कटण्याची रीत एकच नाही, असंख्य आहेत. टिकण्याच्या रीती मोजक्याच.

काळाला मागे फिरवता येत नाही याचे दुःख कवींनी पुष्कळ केले आहे. छत्रे यांच्यासारख्या माणसांनी दुसरा मार्ग धरला. ते वेळेवर उपकरणापाशी गेले आणि त्यांनी दिसला तो आकडा लिहिला. त्याचा उपयोग कोणाला आणि केव्हा होईल हे त्यांना ठाऊक नव्हते. तरी एकही वेळ चुकवायची नाही, एवढे त्यांना पक्के ठाऊक होते. कोष्टक हरवले तर हुशार माणूस ते पुन्हा मांडू शकतो. नोंदवहीतले पान गेले की गेले.